पवन मावळ

पवन मावळ : पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील पवना नदीच्या वरच्या खोऱ्याचा प्रदेश. उत्तरेला लोहगड-विसापूरची रांग, दक्षिणेला तिकोन्याचे डोंगर आणि पश्चिमेला कोकणात तुटणारा घाटमाथा अशी याची तीन अंगे आहेत. चौथे अंग मोकळे आहे. पूर्वेकडे खोरे रुंद होत सोमाटणे-गहुंज्यापाशी सपाटीला लागते आणि रावेतपासून पिंपरी-चिंचवडच्या इमारती सुरू होतात. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही तालुक्याची तीन खोरी. शिवकाळातील बारा मावळांच्या यादीतली ही नावे आजही लग्नपत्रिकांत, यात्रेच्या हँडबिलांत आणि निवडणुकीच्या बातम्यांत रोजच्या वापरात आहेत. तालुक्याची कचेरी वडगावला आहे. पवन मावळाचा बाजार मात्र कामशेत आणि पवनानगरला भरतो.

पुण्या-मुंबईच्या बहुतेकांना हा भाग ‘पवना लेक’ म्हणून ठाऊक असतो. तळ्याकाठचे तंबू, पाठीमागे तुंगचा सुळका, पहाटेचे धुके असे फोटो सर्वत्र फिरतात. हे तळे १९७२ साली पुऱ्या झालेल्या धरणाचे आहे. त्याच्या तळाशी शेते, घरे आणि देवळे गेली. पर्यटक ज्याला सौंदर्य म्हणतो आणि काठावरचा शेतकरी ज्याला गेलेली जमीन म्हणतो, ते पाणी एकच. पवन मावळाचे आजचे जगणे, भांडणे आणि कमाई याच पाण्याभोवती फिरते.

पवना लोणावळ्याच्या दक्षिणेला सह्याद्रीत उगम पावते आणि पूर्वेला वाहत चिंचवड, पिंपरीवरून दापोडीला मुळेत मिळते. लांबी सुमारे ६० किलोमीटर. एवढ्या छोट्या नदीच्या काठी एका टोकाला देवराई आणि दुसऱ्या टोकाला कारखाने आहेत. पावसाचेही तसेच. घाटमाथ्यालगतच्या गावांत जुलै-ऑगस्टमध्ये तो दिवसचे दिवस उघडत नाही, घरातले कपडे वाळत नाहीत, सरपण चुलीवर टांगून सुकवावे लागते. गहुंज्यापर्यंत येईतो त्याचा जोर पार ओसरलेला असतो. पीकही त्याप्रमाणे बदलते. वर निव्वळ भात, उतारावर नाचणी आणि वरई. खाली चांदखेड, आढल्याकडे ज्वारी, ऊस आणि भाजीपाला.

भात हेच इथले खरे वर्ष आहे. त्याची सुरुवात पावसाच्या आधीच होते. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरून पेटवतात. याला राब भाजणे म्हणतात. माती भाजल्याने तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. मात्र त्यासाठी दरसाल झाडे सवळली जातात, म्हणजे त्यांच्या फांद्या छाटल्या जातात, म्हणून गादीवाफ्यावर रोपे करण्याचा आग्रह कृषी खाते बरीच वर्षे धरत आले आहे. रोपे तीनेक आठवड्यांची झाली आणि खाचरात पाणी तुंबले की आवणी लागते. आधी चिखलणी. पूर्वी ती बैलांनी होई, आता बहुतेक ठिकाणी पॉवर टिलर फिरतो. मग बायका ओळीने वाकून मागे सरकत रोपे लावत जातात. डोक्यावरचे इरले जाऊन प्लास्टिकचा कागद आला, तरी वाकलेली पाठ तीच आहे. आवणीच्या पंधरवड्यात खोऱ्यात मजूर मिळणे मुश्कील. अशा वेळी इर्जिक उपयोगी पडते. आज सगळे मिळून एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. पैशांचा व्यवहार नाही, ज्याचे शेत त्याने जेवण घालायचे. हल्ली रोजंदारीने इर्जिकीचा बराच भाग खाल्ला आहे, पण वरच्या वाड्यांतून ती पुरती गेलेली नाही.

खाचरात पिकतो तो बहुतांशी इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून हा वाण तयार केला आणि १९८७ मध्ये तो प्रसारित झाला. आंबेमोहराचा वास आणि अधिक उत्पन्न अशी जोड त्यात साधली गेली. शिजल्यावर भात चिकट, मऊ होतो. मोकळ्या दाण्याच्या भाताची सवय असलेला पाहुणा नाक मुरडतो, पण मावळातल्या माणसाला दुसरा तांदूळ गोड लागत नाही. वास नव्या तांदळाला अधिक असतो, म्हणून दिवाळीनंतर पुण्याच्या ओळखीच्या घरांतून आगाऊ मागण्या येऊ लागतात. रस्त्याकडेला ‘अस्सल मावळ इंद्रायणी’ अशी पाटी लावून विकला जाणारा सगळाच तांदूळ मावळातला असतो असे समजण्याचे कारण नाही. भाताच्या ‘चारसूत्री’ लागवडीचाही मावळात बराच प्रसार झाला. भाताच्या तुसाची राख आणि पेंढा शेतातच परत घालणे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडणे, जोडओळीत नियंत्रित लावणी करणे आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार रोपांच्या मधोमध हाताने खोचणे, ही ती चार सूत्रे. धो धो पावसात वरून फेकलेले खत वाहून जाते. मातीत खोचलेली गोळी हळूहळू विरघळते, हे त्यातले इंगित.

कापणी-झोडणी दिवाळीच्या आसपास आटोपते. भाताची उडवी रचली जाते आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर हरभरा, मसूर, वाल टाकले जातात. त्यानंतर वरच्या गावांतले तरुण शहराकडे वळतात. चाकण, तळेगाव, भोसरीच्या कारखान्यांच्या बस पहाटे कामशेत-सोमाटण्याच्या फाट्यांवर उभ्या असतात, आणि त्यांत चढणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी खाचरे आहेत. आवणीला आणि यात्रेला हीच मंडळी सुट्टी टाकतात. खालच्या पट्ट्यात निराळेच चित्र दिसते. महामार्ग, द्रुतगती मार्ग आणि बाजाराची जवळीक पाहून येळसे आणि भोवतालच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी हरितगृहे उभारली. तिथला गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मोठ्या प्रमाणात बाहेर जातो. फूल नेमके त्या दिवसांत यावे म्हणून छाटणी डिसेंबरमध्ये हिशेबाने करावी लागते. मधल्या काळात थंडी लांबली की सगळा हिशेब चुकतो.

वस्ती मुख्यत्वे मराठा शेतकऱ्यांची. घाटमाथ्याकडे महादेव कोळी आणि ठाकर, माळावर धनगरांचे वाडे, पाण्याच्या कडेने कातकरी. गावकुसात नवबौद्ध, न्हावी, सुतार, कुंभार, गुरव अशी पूर्वीची अलुतेदार-बलुतेदार घरे आहेत. गावोगावी भैरवनाथ आणि हनुमान. कार्ल्याची एकवीरा डोंगरापलीकडची असली तरी चैत्रात तिकडे जाणारे पुष्कळ. देहू जवळ असल्याने वारकरी वळण पक्के आहे. कार्तिकात काकडा, एरवी हरिनाम सप्ताह, आणि सप्ताहाच्या काल्याला मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनीही गावी येण्याची चाल आहे. दुधिवरे खिंडीजवळ अलीकडच्या काळात ‘प्रति पंढरपूर’ म्हणून विठ्ठलाचे मोठे देऊळ झाले. नदीच्या खालच्या अंगाला शिरगावला ‘प्रति शिर्डी’ आहेच. मूळ क्षेत्र एका दिवसाच्या अंतरावर असताना त्याची प्रत इथे का काढावीशी वाटते, याचे उत्तर बहुधा पार्किंगच्या सोयीत सापडेल.

चैत्र-वैशाखात यात्रांचा हंगाम येतो आणि त्यात सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बैलगाडा. गाडा हलका, लाकडी. दोन जोड्या एकामागे एक जुंपलेल्या आणि त्यांच्यापुढे पळणारी घोडी, तिच्यावर स्वार. चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि एकेका धावेला बारी. एका वेळी एकच गाडा सुटतो, त्यामुळे शर्यत शेजारच्या गाड्याशी नसून घड्याळाशी असते. काही सेकंदांत बारी संपते. निशाण पडण्याआधी जू धरून उभ्या असलेल्या पोरांची धांदल, सुटताना उडालेली धूळ, माईकवरच्या निवेदकाची तालातली आरोळी, आणि मग लगेच पुढचा गाडा. सर्वांत कमी वेळ घेणारा ‘घाटाचा राजा’. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीच्या काळातही अनेकांनी खिलार बैल विकले नाहीत. शेतात ट्रॅक्टर आल्यावर शर्यतीच्या बैलाला कामच उरलेले नाही. त्याला दूध, अंडी, कणीक मिळते, आणि घरच्या पोराहून त्याची निगा अधिक राखली जाते असे घरच्या बायका ऐकवतात.

धरणाकडे वळायचे तर पवना धरण मातीचे आहे. लांबी १,३२९ मीटर, उपयुक्त साठा सुमारे साडेआठ टीएमसी (अब्ज घनफूट). धरणाचे पाणी नदीत सोडले जाते. काठचे शेतकरी मोटारी लावून ते उचलतात आणि उरलेले रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवड महापालिका उपसते. शहराची तहान प्रामुख्याने यावरच भागते. धरणासाठी जमिनी गेल्या त्या १,२०३ खातेदारांच्या. त्यांपैकी ३४० जणांना बदली जमीन मिळाली; उरलेल्या ८६३ जणांचा प्रश्न तिसऱ्या पिढीपर्यंत येऊन ठेपला. मधल्या काळात कागद तेवढे हलत राहिले. धरणग्रस्तांच्या मोर्चात आजोबांच्या नावाचा उतारा घेऊन आलेला नातू हे आता नेहमीचे दृश्य आहे.

शेजारच्या मुळशी खोऱ्याने १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. पवन मावळाचा मोठा लढा मात्र धरणाविरुद्ध झाला नाही, तो नळाविरुद्ध झाला. धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकून पाणी थेट शहरात न्यायचे महापालिकेने ठरवले. शहराच्या बाजूने पाहता योजना सरळ होती, कारण उघड्या नदीत पाणी चोरीला जाते, आटते, घाण होते. शेतकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर नदी वाहती राहते म्हणूनच काठची मोटार चालते. पाणी नळात गेले की नदी कोरडी. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला. एका महिलेसह तीन शेतकरी त्यात मृत्युमुखी पडले. योजनेला स्थगिती मिळाली, ती २०२३ मध्ये राज्य सरकारने उठवली आणि विरोधही पुन्हा उभा राहिला. ९ ऑगस्टला बऊरला दरवर्षी श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो. मावळातल्या कोणत्याही निवडणुकीत कोणत्याही पक्षाला जलवाहिनीवर काही ना काही बोलावेच लागते.

उन्हाळ्यात पाणी मागे हटते तेव्हा धरणाच्या पोटातला जुना मुलूख थोडा वर येतो. वाघेश्वराचे दगडी देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असते आणि मार्चनंतर उघडे पडते. देवळाचे चिरे ढासळले आहेत, गाभारा तग धरून आहे. उघडे पडले की दर्शनाला आणि फोटोला रीघ लागते. उघड्या पडलेल्या ओल्या गाळात काही जण गाळपेर करतात. जमीन सरकारची, पण गाळ सुपीक आणि पाणी चढेपर्यंत तीन-चार महिने हातात, मग कोण सोडील?

खोऱ्याभोवतीचे लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चार किल्ले मुळात बोरघाटाकडून येणाऱ्या वाटांवर नजर ठेवण्यासाठी होते. चारही किल्ले १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेले आणि पुढे स्वराज्यात परतले. लोहगड त्यांत सर्वांत बळकट. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे वळणावळणाच्या एकाच वाटेवर आहेत. पहिल्या दरवाज्यातून शत्रू आत आला तरी पुढच्या वळणावर वरून मारा ठरलेला. पश्चिमेला लांबुळकी, अरुंद विंचूकाट्याची माची. नाना फडणवीसांनी गडाची डागडुजी करून वर सोळा कोनी बाव बांधवली. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा म्हणून जे बारा किल्ले नोंदले त्यांत लोहगड आहे. शेजारचा विसापूर विस्ताराने मोठा, पण १८१८ मध्ये इंग्रजांनी तो ताब्यात घेऊन त्याची तोडफोड केली. लोहगडावर पावसाळ्याच्या रविवारी पायऱ्यांवर रांग लागते. त्याच दिवशी विसापूरच्या पठारावर माणूस शोधावा लागतो, म्हणून जाणकार विसापूर निवडतात. तुंग म्हणजे कठीणगड: वर जेमतेम जागा, तुंगाईचे छोटे देऊळ आणि तिन्ही बाजूंना पाणी. तिकोना म्हणजे वितंडगड. त्याच्या वाटेवर पायाखाली राक्षसीण दाबलेला चपेटदान मारुती आहे, आणि शेवटच्या पायऱ्या इतक्या उंच आहेत की सवय नसलेल्याने दोर धरलेला बरा. दोन्ही गडांच्या पायथ्याच्या गावांत घरगुती जेवण मिळते. जाताना सांगून ठेवावे, उतरेपर्यंत भाकरी, पिठले आणि भात तयार असतो.

किल्ल्यांच्या गर्दीत बेडसे लेणी मागे पडतात, हे एका परीने बरेच झाले. कार्ले आणि भाजे पलीकडच्या इंद्रायणी खोऱ्यात. बेडसे एकटे पवनेच्या बाजूला, पूर्वाभिमुख. काळ इसवी सनपूर्व पहिले शतक. सुमारे चारशे पायऱ्या चढून गेल्यावर समोर नुसता कातळ दिसतो आणि लेणे आहे कुठे असा प्रश्न पडतो. कातळाचा एक भाग कोरक्यांनी तसाच ठेवला आहे. त्यातल्या अरुंद बोळातून आत गेले की एकदम चैत्यगृहाचे उंच खांब समोर उभे राहतात. खांबांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत. त्यांचे दागिने, केशरचना आणि टेकून बसण्याची ऐट जवळून पाहण्यासारखी आहे. एका दाराशी ब्राह्मी लेख आहे: नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याने हे दान दिले. दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या सावकाराच्या मुलाने या आडवळणी खोऱ्यात पैसा घातला, त्याअर्थी कोकणातली बंदरे आणि घाटावरचा देश यांच्यातला व्यापार इथून जवळून जात असला पाहिजे. शेजारचा विहार मागच्या बाजूला अर्धगोल आणि वर कमानदार छताचा आहे. विहार चौकोनी खोदण्याची सर्वसाधारण रीत पाहता हा प्रकार विरळा. सूर्योदयाला चैत्यात सरळ ऊन शिरते. तेवढ्यासाठी पहाटे निघायला हरकत नाही.

अजिवली येथे वाघजाईची देवराई आहे. भेर्ली माडाची उंच झाडे आणि दाट सावली ही तिची खूण. देवीच्या धाकाने कुऱ्हाड न लागलेले असे तुकडे मावळात पूर्वी अनेक होते. जमिनीचे भाव वाढल्यावर देवीचा धाक सगळीकडे पुरला नाही. मेअखेरीस वळवाचा पाऊस झाला की झाडांवर काजवे चमकतात, सप्टेंबरात पठारे सोनकीने पिवळी होतात.

तंबूंचा धंदा वाढला तो गेल्या दशक-दीड दशकात. ठाकूरसई, फांगणे, ब्राह्मणोली, गेव्हंडे, आपटी या काठच्या गावांतून शनिवारी दुपारपासून तंबू ठोकले जातात. संध्याकाळी चहा-भजी, रात्री कोळशावरचे कोंबडीचे तुकडे, गिटारवाला आणि सकाळी पोहे असा साचा ठरून गेला आहे. ज्याची काठाला जमीन राहिली त्याला यात भाताच्या वर्षभराच्या उत्पन्नाहून अधिक पैसा मिळतो. ज्याची जमीन धरणात गेली किंवा बंगल्यासाठी विकली गेली, तो त्याच बंगल्यावर राखणदार, माळी किंवा स्वयंपाकी असतो. गावातल्या बचत गटांच्या बायका इंद्रायणी, नाचणीचे पापड आणि करवंदांचे लोणचे विकतात. तक्रारीही भरपूर आहेत. मध्यरात्रीपर्यंत स्पीकर, काठावर बाटल्यांच्या काचा, त्या काचांनी कापलेले गुरांचे पाय. पोहताना बुडून मरणाऱ्यांची संख्या काही कमी होत नाही. काठ उथळ दिसतो, पण खाली जुन्या शेतांचे बांध, खड्डे आणि गाळ आहे. दोन पावले पुढे तळ एकदम जातो. बुडालेल्याला काढायला लोणावळा-मावळच्या बचाव पथकांबरोबर गावचीच पोरे पाण्यात उतरतात. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धरणे, धबधबे आणि गडांवर मनाई आदेश काढते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करणे शहाणपणाचे.

पुण्याहून पवन मावळात शिरायच्या वाटा तीन. लोकलने कामशेतला उतरून बेडशावरून पवनानगर. लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून. किंवा पौडमार्गे जवण-तिकोना पेठ. तिसरी वाट लांबची, पण रविवारी सर्वांत मोकळी. लोहगडासाठी मळवली स्थानक जवळचे आहे. एसटी पवनानगरपर्यंत जाते. त्यापुढे तुंगच्या बाजूला फेऱ्या तुरळक आहेत, आणि शेवटची गाडी चुकली तर कामशेतच्या बाजाराहून परतणाऱ्या एखाद्या पिकअपला हात दाखवावा लागतो.